सांगितलेला रंग

आदेशचं म्हणणं होतं, काळी घ्या. काळ्या गाडीला पुढं गिऱ्हाईक लगेच मिळतं, किंमत पडत नाही, कुठं खरचटलं तर रंग सहज जुळतो. चाकणहून त्याने हे तीनदा फोन करून सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याच्या वडिलांनी, भगवंतआण्णांनी, एकच उत्तर दिलं.

"इकायची कुणाला हाय? मी हाय तवर मी चालवीन. मागनं तू तिला काळी कर न्हाई तर गोरी कर."

आण्णांना बहात्तरावं लागलं होतं, पण निरगुडसरहून शेतावर आणि मंचरच्या बाजाराला ते अजून आपल्या गाडीवर जात. आदेशने वापरून दिलेली गाडी दिवाळीत बसली, तेव्हा नवीन घेऊन देण्याचं लेकीने, प्राचीने, मनावर घेतलं. प्राची वारूळवाडीला राहायची आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिने सीटची उंची, वजन आणि ॲव्हरेज यांचा तक्ता करून एक गाडी ठरवून टाकली होती. तक्त्यात रंगाचा रकाना नव्हता. तो आण्णांनी घातला.

"डाळिंबी पायजे. तुझ्या आईची व्हती तशी. तो रंग न्हाई मिळाला तर मला गाडीच नको."

आईला, साळुबाईला, जाऊन तीन वर्षं झाली होती. आईची गाडी म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली घेतलेली घरातली पहिली मोटरसायकल. चालवायचे आण्णाच, पण रंग आईने सांगितला होता म्हणून ती आईची. त्या काळी गाडी घेताना बायकोला रंग विचारायला जाणारा माणूस अख्ख्या आळीत दुसरा नव्हता.

तिला डाळिंबी का म्हणतात, हे प्राचीला पाठ होतं. आईने ते चुलीपुढं, बायकांच्या घोळक्यात, कितीदा तरी रंगवून सांगितलं होतं. गाडी दारात आली, आण्णा नारळ आणायला दुकानात गेले आणि शेजारची बयाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं साळू, तू डाळिंबी सांगितलीवतीस ना? ही तर हिरवी की गं!" आईने एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. "मग? वालाच्या डाळिंब्या काय लाल असत्यात व्हय? मी वालाचीच सांगितलीवती." गाडी खरंच तशी होती, शिजलेल्या वालाच्या उसळीसारखी मळकट हिरवी. उसळीच्या रंगाची गाडी मागणारी बाई म्हणून आईची पुष्कळ थट्टा झाली. कुणी हिरवी म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची, "हिरवी न्हाई म्हणायचं. डाळिंबी म्हणायचं." वर्षभरात सगळी आळी डाळिंबी म्हणायला लागली. लहानग्या प्राचीला वाटायचं, आईला त्या गाडीचं फारच कौतुक.

आळेफाट्याच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक फारसं नव्हतं. बाहेर नाशिकच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. बंटी नावाचा तरुण विक्रेता आण्णांना आणि प्राचीला सामोरा आला. आण्णांनी आधी त्याचं गाव-नाव काढलं.

"नारायणगावच्या इंदरचंदशेठचा नातू का तू? तुमच्या दुकानातनंच आमच्या घरातल्या साड्या यायच्या."

"मग तुम्ही घरचेच, काका. बोला, कोणता कलर काढू?"

"डाळिंबी."

"वा! आजकाल हे नाव कुणी घेत नाही. सगळे मरून म्हणतात." बंटी हसत एका गाडीपाशी गेला आणि तिच्यावरचं प्लास्टिक त्याने काढलं. टाकी गडद लाल होती, फोडलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. "आजोबांचं अख्खं कपाट होतं ह्या रंगाचं. ही बघा, डाळिंबी."

पण आण्णा तिथं थांबलेच नव्हते. ते दोन गाड्या सोडून पलीकडं उभ्या असलेल्या हिरव्या गाडीपाशी गेले होते आणि तिच्या टाकीवर तळवा ठेवून उभे होते. "ही काय हितं. अशीच व्हती. का नाय गं, प्राची?"

"अशीच होती," प्राची म्हणाली. रंग खरंच तोच होता.

"काका, ती मेंदी. डाळिंबी ही इकडं."

आण्णांनी मान वळवली. लाल गाडीकडं पाहिलं, मग हाताखालच्या हिरव्या गाडीकडं, मग पुन्हा लालकडं. भाव सांगितलेला नीट ऐकू न आल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हंजी? दोन्ही एकच की राव."

बंटीला वाटलं काका गंमत करतात. तो मोठ्याने हसला आणि कोटेशन आणायला आत गेला. प्राची हसली नाही.

टोमॅटोच्या तोडणीला आण्णा वाफ्यात कधी नसायचे. ते पाणी बघायचे, कॅरेट उचलायचे, टेम्पो भरायचे. कच्चा-पिकला निवडायला आईच बसायची. आण्णांना फळ निवडायला दिलंच तर ते प्रत्येक फळ दाबून बघायचे आणि आई म्हणायची, "राहू द्या, तुमच्या हातानं माल दबतो." दर वर्षी वर्गात प्राची फळ्यावर आकृती काढून शिकवायची की लाल-हिरव्याचा फरक न कळणं पुरुषांत शंभरात पाच-सात जणांना असतं, आणि अशा बापाकडून त्याचं जनुक मुलीकडं न चुकता येतं, तिला स्वतःला मात्र सगळं दिसत राहतं. वीस वर्षं ही आकृती काढताना आपल्या बापाचं नाव त्यातल्या बापाच्या चौकोनात लिहावं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं.

आण्णा जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मला रंगातलं लई कळत न्हाई, हे खरंय. पयल्यापासनं. ती असती तर तिनं सांगितलं असतं. आता तू सांग. डाळिंबी कोणची?"

प्रश्न सरळ होता आणि त्याची दोन खरी उत्तरं होती. हिरवी म्हणावं तर घरातली डाळिंबी तीच. आण्णा खुशीत गाडीवर बसतील आणि आळीतही कुणी चकार शब्द काढणार नाही. पण लाल गाडी तिथं उघडी उभी होती आणि आईच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं हीच डाळिंबी असणार, साडीच्या दुकानातली. उसळीचा विनोद तिला बयाबाईपुढं, त्या क्षणी, नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून सुचलेला होता. पुढची सगळी वर्षं तिने तो निभावून नेला.

"आण्णा, आईने रंग सांगितला तो दिवस आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? ती धुणं वाळत घालीत व्हती. मी म्हणलं, सांग, कोणच्या रंगाची आणू. तिला आदी खरंच वाटंना. मग लाजली आन् म्हणली, डाळिंबी आणा." ते हसले. "आणली तर दारात उभी राह्यली आन् असं हसली! पोट धरून. मी नारळ घिऊन आलो तरी हसतीच हाय. मला वाटलं, रंग लईच आवडला."

प्राचीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर स्वतः बसली. वर्गात अवघड भाग शिकवताना ती सावकाश बोलायची, तशी बोलली.

"डाळिंबी दोन असतात. एक फळाची, लाल. एक वालाची, हिरवी. आपली गाडी वालाची होती, आण्णा. आईने फळाची सांगितली होती."

 आण्णांच्या हातातली टोपी एकदा उलटी झाली, एकदा सुलटी झाली.

"हिरवी व्हती?"

"हो."

"समद्यांना दिसत व्हती?"

"सगळ्यांना. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, डाळिंबी म्हणायचं म्हणून."

"आन् मी बयाबाईच्या दाल्ल्यापुढं मिरवीत व्हतो, की बायकुनं सांगितलेला रंग हुडकून आणला. दोन दिस पुण्यात काढले व्हते म्हणून." त्यांनी मान हलवली. "साळे, एकदा तरी बोलायचंस की गं."

कोटेशनचा कागद घेऊन बंटी दारापर्यंत आला आणि काहीतरी ओळखून पुन्हा आत वळला.

बापाला उगाच दुखवलं, असं प्राचीला वाटलं. मग तिला दुसरं काही आठवलं. ती नववीत असताना गाडीचा रंग उडाला होता आणि इथंच, आळेफाट्याला, एका गॅरेजात ती रंगवायला दिली होती. "तेव्हा मीही तुमच्यासोबत आले होते. पेंटरने विचारलं, कोणता मारू? आईला तेव्हा लाल करून घेता आली असती. तुम्हाला काय कळणार होतं? ती म्हणाली, आहे तोच मारा."

"त्या पेंटरला मी म्हणलं व्हतं, डाळिंबी मार," आण्णा म्हणाले. "तो नुसता तिच्याकडं बघत राह्यला. मला वाटलं, येडाय."

आता मात्र दोघंही हसली. आण्णांना हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी टोपीने पुसलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

"म्हणजे तिला हिरवीच आवडायला लागली होती," प्राची म्हणाली. "ही मेंदीच घेऊ. तिच्या सवयीची."

"सवय लागली असंल. माझीबी लागली व्हती तिला." आण्णा उठले. "पर तिनं एकदाच कायतरी सांगितलं व्हतं, बाय. अख्ख्या जल्मात एकदा. सांगितलेली वस्तू आणायची राह्यलीय."

"गावात विचारतील, रंग का बदलला म्हणून."

"मग सांगीन. फळाची हाय म्हणावं, वालाची जुनी झाली."

ते गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. दोघं बोलत होती तेवढ्यात बंटीने येऊन जागा करायला दोन-तीन गाड्या मागंपुढं केल्या होत्या आणि तो परत आत गेला होता. आण्णांनी दोन्ही गडद टाक्यांकडं आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी उजवा हात पुढं केला आणि लेकीकडं न बघता म्हणाले, "धर. ह्या खेपंला चुकायला नको."

प्राचीने त्यांचं मनगट धरलं आणि तळवा लाल टाकीवर ठेवला.

"बंटीशेठ," आण्णांनी आत हाक दिली, "कुकू आणा अन् हार घाला हिला. आन् त्या कागदावर रंगाचं नाव मराठीत लिवा. डाळिंबी, फळाची."