सेजलचा चुडा

महाडच्या बाजारात चारुलताचं बांगड्यांचं दुकान आहे. सकाळी ती शटर वर करायची, काउंटर पुसायची, उदबत्ती लावायची आणि मग पर्समधलं मंगळसूत्र काढून गळ्यात घालायची. कपाळाला टिकली लावायची. संध्याकाळी घरी जाताना दोन्ही पुन्हा पर्समध्ये. तिचा नवरा गंगाधर काविळीने गेला, त्याला काही वर्षं झाली होती.

ही युक्ती सासूबाईंची. "घरात नको घालूस, लोक नावं ठेवतील. पण दुकानात घाल बाई. विधवेच्या हातून नवरीचा चुडा कोण भरून घेईल?" बाजारातल्यांना सगळं ठाऊक होतं, पण गिऱ्हाईक खेड्यापाड्यांतलं. आणि लग्नाचे चुडे गेले तर कासाराच्या दुकानात उरतं काय? रबरबँड आणि क्लिपा!

धंदा करायला काय लागतं, यावर आपल्याकडे भाषणं उदंड. भांडवल लागतं, चिकाटी लागते, जिभेवर साखर लागते. चारुलताकडे हे सगळं होतं. बाईमाणसाला वर एक जिवंत नवराही लागतो, हे मात्र कुणी भाषणात सांगत नाही. "मालक कुठायत?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मुंबईला गेलेत, माल आणायला." हे बोलून बोलून तिचा जीव विटला होता.

उमरठच्या पुढच्या एका वाडीवर सेजलचं लग्न निघालं. पोरगी एमआयडीसीत कामाला. लग्नाच्या आदल्या दिवशी चारुलता मंगळसूत्र घालून, टिकली लावून, पेट्या घेऊन एसटीने पोलादपूरला उतरली आणि रिक्षाने वाडीवर पोचली. ओटीवर बायकांची ही गर्दी! सेजल पाटावर बसली होती, शेजारी आईच्या जागी काकी, आणि देखरेखीला आजी बनुबाई.

"दुखतंय का गं?" बांगडी चढवताना चारुलताने विचारलं.

"नाय. तुमचा हात लय हलका हाय."

दोन्ही हात भरत आले. शेवटची एक बांगडी राहिली, तेव्हा साबणाने बुळबुळीत झालेले हात धुवायला चारुलता मागे मोरीवर गेली. स्वयंपाकघरात एक बाई एकटीच तांदळाचं पीठ मळत होती.

"तुम्ही राहिलात की बांगड्या भरायच्या," चारुलता सवयीने बोलून गेली, आणि मग तिचं त्या मोकळ्या कपाळाकडे लक्ष गेलं.

"माझं काय आता! मी सेजलची आय. नीट बसल्या का गो बांगड्या? हात नाजूक हाय तिचा."

"चला ना बघायला."

"येडी काय तू? शुभकार्यात मी कशी येऊ?" मग चारुलताच्या गळ्याकडे बघत ती म्हणाली, "तुझं बरं हाय, बाय. नवरा हाय, चार घरांत मानानं बसतेस."

चारुलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती ओटीवर परतली, तर बनुबाई खण-नारळ घेऊन उभीच. "आधी कासारणीची ओटी भरा गो!"

चारुलताने पदर पुढे केला नाही. "माझी ओटी नका भरू, आजी. माझे मालक वारलेत."

बनुबाईने खण-नारळ पोटाशी धरला.

"काय बोलतेस काय!" बनुबाई कडाडली. "आन् आमच्या पोरीला चुडा भरलास? काढ! आधी काढ तो!"

"मी नाही काढणार. चुडा चांगला आहे. नको असेल तर तुम्ही फोडा."

कोण फोडणार? नवरीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या, त्याही लग्नाच्या आदल्या दिवशी! याच बनुबाईने मुलगा गेल्यावर सुनेच्या बांगड्या फोडल्या होत्या. तेव्हा क्षणभरही थांबली नव्हती, आता मात्र पुढे आली नाही.

"साबण लावून काढू," काकी पुढे झाली. सेजलने मूठ घट्ट आवळली.

"हात लावू नका कोणी. आयला चुलीपुढं बसवलंत, ते मी गप बघितलं. तेच चुकलं माझं."

तिने शेवटची बांगडी उचलली आणि तडक आत गेली. "आय, ही तू भर."

आईने पिठाचे हात पदराखाली लपवले. "नको गो. उद्या काय बरंवाईट झालं तर माझ्या माथी."

"रोज तुझ्या हातचं जेवते, तवा काय झालं?"

चारुलता मागोमाग आली होती. तिने सेजलचा अंगठा आत दाबून दाखवला. "अशी धरा. आता हळूच सरकवा." बांगडी चढली. लेकीचा हात धरून ती माऊली ढसाढसा रडली. बाहेर बनुबाईचं तोंड चालूच होतं.

चारुलताला कुणी चहासुद्धा विचारला नाही. पेट्या उचलून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं. पर्समध्ये हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. त्या हंगामात वाड्यांवरून बोलावणी फारशी आली नाहीत. "दुसरा कासार बघितला," एवढं सांगून फोन बंद. सासूबाई धास्तावल्या, बरेच दिवस धड बोलल्या नाहीत. चारुलता दमली आहे, हे तिच्याकडे बघून कुणालाही कळेल. पण दुकान ती रोज उघडते, आणि मालक कुठे आहेत असं कुणी विचारलं तर सांगते, "वारले. दुकान माझं आहे. दाखवा हात." कुणी हात पुढे करतं, बरेच जण तसेच पायरी उतरतात.

उद्या तुमच्याही घरी लग्न निघेल. ओटीवर हिरव्या बांगड्यांची पेटी उघडेल, हसणंखिदळणं चालेल. तेव्हा जरा उठून स्वयंपाकघरात जा, आणि तिथे कोण एकटं बसलंय ते बघून या.