बंडोपंतांची ऊब

सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या त्या घरात सगळ्यात उन्हाची खोली बंडोपंतांना होती आणि पद्माकररावांना स्टडीतला सोफा. बंडोपंत म्हणजे पाच फुटी घोरपड. कुणी एक बाई पाळून कंटाळली म्हणून त्यांच्या लेकीने, मयूराने, ती घोरपड घरी आणली होती, चोरून नव्हे, रीतसर सरकारी लायसन काढून. कपाटाएवढी काचेची पेटी, त्यात झाडाचं खोड, वर उन्हासारखा दिवा. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गोठवलेले उंदीर. पद्माकररावांनी पहिल्या दिवशी ते पाहिले आणि पुढे आठवडाभर मटार खाल्ले नाहीत. एकुलत्या एका लेकीने संसार मोडल्यावर जीव लावला तो कशाला, तर या खवल्यांच्या जनावराला! आणि वर नाव असं की हाक मारताना आपणच अदबीने वागतोय असं वाटावं.

तीन महिन्यांसाठी म्हणून ते दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सिडनीला आले होते. बायकोचं, विमलताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्या मागाहून एप्रिलमध्ये येणार होत्या. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. नवरा इकडे, बायको पुण्यात, आणि मधे फोन. सप्टेंबरात भारताच्या विमानात एक जागा मिळत होती. मेल मयूराकडे आला, कारण बाबांचे सगळे फॉर्म तीच भरायची. पुण्यातले कोविडचे आकडे पाहून ती घाबरली आणि तिने परस्पर ‘नको’ कळवून टाकलं. बापाला विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये विमलताई आजारी पडल्या. पुतण्या श्रीनिवास चार दिवस ऑक्सिजनचा बेड शोधत हिंडला. पाचव्या दिवशी त्याची गरज उरली नाही. अग्नी श्रीनिवासनेच दिला. पद्माकररावांनी तो फोनवर पाहिला, तोही अर्धा, मग चित्र अडकलं. त्या आठवड्यात मयूराने रडत रडत त्या मेलचं सांगितलं. ते ऐकलं आणि पद्माकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरली नव्हती. तेव्हापासून बापलेकीत दोनच वाक्यं उरली होती, ‘जेवण झालं?’ आणि ‘हो.’

आता ऑगस्ट होता. पुन्हा लॉकडाउन, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरात पाहुणा घ्यायचा नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. मयूरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कोविडचे नमुने तपासायची. निम्मा स्टाफ आयसोलेशनमध्ये, त्यामुळे हिच्या बारा बारा तासांच्या शिफ्टा. साहजिकच बंडोपंत पद्माकररावांच्या गळ्यात पडले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. “बाबा, काही करायचं नाही. पाणी बदला आणि लक्ष ठेवा. फक्त त्या पेटीच्या बटणांच्या बोर्डाला हात लावू नका,” असं तिने बजावलं होतं.

पद्माकरराव वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. घरातून माणूस बाहेर पडलं की खटाखट बटणं बंद करत फिरायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. मायक्रोवेव्ह, टीव्ही, वॉशिंग मशीन, काही सुटायचं नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी पेटीतल्या एका काळ्या बल्बाचं बटण चालू दिसलं, पण उजेड नव्हता. उडालेला असणार, असं म्हणून त्यांनी बोर्ड बंद केला. संध्याकाळी मयूरा यायच्या आत आठवणीने चालू केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बल्बाजवळ हात नेला. चटका बसला. हा दिवा नव्हे, शेगडी आहे, हे वीज मंडळाच्या माणसाला कळायला कितीसा वेळ लागणार? उजेड न पाडता रात्रंदिवस ऊब देणारी शेगडी. म्हणजे या जनावराला एक मिनिटही थंडी वाजू नये म्हणून इथे एवढी व्यवस्था, आणि तिकडे माझ्या बायकोला ऑक्सिजनचा एक बेड मिळाला नाही. त्यांनी दात ओठ खाल्ले आणि बोर्ड बंद केला. शेगडी, दिवा, सगळं. या वेळी कळून सवरून.

असं आठ दिवस चाललं, सकाळी बंद, संध्याकाळी ती दमून यायच्या आत चालू. बंडोपंत आधी खोडावरून खाली आले, मग कोपऱ्यात गेले, मग हलायचे थांबले. पद्माकरराव दार उघडून बघायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण कुणावर सूड उगवतोय हे त्यांना नीट माहीत होतं. थांबवत मात्र नव्हतं.

शनिवारी मयूराची शिफ्ट दुपारची होती. सकाळी ती खोलीत गेली आणि किंचाळली. बंडोपंतांनी रविवारी गिळलेला उंदीर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर टाकला होता. खोलीत उभं राहवत नव्हतं. तिने त्यांना उचललं तर मान खाली लोंबली.

जनावरांची डॉक्टर व्हिडिओवर आली. तिने दोनच प्रश्न विचारले आणि सांगितलं, अंगात ऊब नसेल तर यांना पचत नाही, अन्न पोटात कुजतं. आता खायला काही नको, हळूहळू गरम करा, कोमट पाण्यात बसवा, दर तासाला तापमान बघा. आजचा दिवस निघाला तर बघू.

मयूराने पेटीतल्या थर्मामीटरचं बटण दाबलं. त्यात सगळ्यात कमी किती उतरलं होतं त्याची नोंद राहते. सोळा.

“सोळा! Oh my God, thermostat गेलाय,” ती फरशीवर बसली. “मीच गाढव. जुनाच वापरत राहिले. नवीन घेते म्हणाले आणि राहून गेलं. माझ्यामुळे मरतोय तो, बाबा.” तिने बोर्डाची वायर उपसली, ऊब कमीजास्त करणारा तो थर्मोस्टॅटचा छोटा डबा त्यांच्या हातात दिला. “तुम्ही बघा ना. तुम्हाला कळतं यातलं.”

पद्माकररावांनी चष्मा लावला. डबा उघडला. टेस्टर मागितला. त्यांना काही बघायचं नव्हतं, तरी त्यांनी बघितलं. ‘हो, हा गेलाय’ एवढंच म्हणायचं होतं. तिला जन्मात कळलं नसतं. पण चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चालत्या यंत्राला बाद म्हटलं नव्हतं. ठेकेदार हातापाया पडले तरी नाही.

“यात काही बिघाड नाही,” ते म्हणाले.

“मग?”

“मी बंद करत होतो. रोज. तू गेल्यावर.”

“विसरून?”

“पहिल्या दिवशी सवयीने. नंतर मुद्दाम.”

 मयूरा उठली. “मुक्या प्राण्यावर? Seriously, बाबा? माझ्यावर राग आहे ना, तर मला बोला ना! शिव्या द्या, थोबाडीत मारा!”

“बोलून काय होणार?” पद्माकररावांचा आवाज चढला तो चढलाच. चार महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. “या घोरपडीच्या उबेची रात्रंदिवस काळजी! तुझ्या आईची काळजी करायला मला जाऊ दिलंस? माझं विमान, माझी बायको, आणि ‘नको’ म्हणणारी तू कोण?”

“हो, मीच म्हटलं! आणि परत वेळ आली तरी तेच म्हणेन!” तीही ओरडली. “रोज ट्यूबांवर नावं बघते मी. सत्तर, बहात्तर, एकाहत्तर वय. तुम्हाला विमानात बसवायला हात नाही धजला माझा!”

“तर मग आता तोंड मिटून बस!”

“तुम्ही हात नका लावू त्याला!”

तो नियम जेमतेम अडीच तास टिकला. लॅबमधून फोन आला, आणखी एकजण पॉझिटिव्ह, तू येतेयस ना? मैत्रीण शाल्मली टूनगॅबीला, म्हणजे पाच किलोमीटरपलीकडे. शेजारच्यांना घरात घेता येत नाही. दर तासाला बघायला दुसरं कोण होतं? ज्याने मरायला घातलं त्याच्याच हवाली करायचं. मयूराने कोमट पाण्याचं घमेलं भरलं, थर्मामीटर टेबलावर आदळला, मास्क चढवला आणि दाराशी थांबली.  मग दार ओढून घेऊन ती गेली.

पद्माकररावांनी बाह्या दुमडल्या. पाच फुटी घोरपड घमेल्यात मावत नाही. शेपूट बाहेर, नख्या मनगटात, आणि वास असा की पोटातलं वर यावं. आयुष्यात त्यांनी मेलेली पालसुद्धा उचलली नव्हती, ती विमलताई उचलायच्या. एका हाताने त्यांनी बंडोपंतांची हनुवटी पाण्यावर धरली. राग गेला नव्हता. स्वतःचाही येत होता आता, तेवढाच काय तो फरक.

दोन वाजता फोन वाजला. “तापमान?”

“चोवीस.”

फोन बंद. चार वाजता पुन्हा. “तापमान?”

“अठ्ठावीस. जीभ काढली एकदा.”

“नक्की?”

“मला दिसतं डोळ्यांनी.”

सहा वाजता फोन आला तेव्हा बंडोपंत टॉवेलमध्ये गुंडाळलेले, शेगडीखाली होते आणि पद्माकरराव फरशीवर बसले होते. मागे लॅबमधली यंत्रं घरघरत होती.

“एकतीस,” त्यांनी आपणहून सांगितलं. तिने फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.

“तू मला विचारायला हवं होतंस,” ते म्हणाले.

“हो.”

“मी गेलो असतो.”

“माहितीये.”

“तिच्याजवळ असतो मी. तिच्याबरोबर मेलो असतो कदाचित.”

“माहितीये, बाबा,” मयूराचा आवाज फाटला. “म्हणूनच नाही विचारलं.”

 पद्माकररावांनी तोंडावर हात दाबून धरला. घोरपडीच्या वासाचा हात. पलीकडे कुणीतरी मयूराला हाक मारली, ती ‘one sec’ म्हणाली आणि तशीच थांबून राहिली.

“जा,” ते अखेर खेकसले. “माणसं खोळंबली असतील तुझी. आणि आठला कर फोन. विसरू नकोस.”