मैदा, मीठ आणि जावई

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने पडावं ते कुठे, तर स्वतःच्या न्हाणीघरात. याची त्याला पायाच्या दुखण्याहून जास्त लाज वाटत होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, बायको दिवसभर औषधांच्या दुकानात, आणि त्याचं हवं-नको बघायला सासूबाई येऊन राहिलेल्या.

सासूबाईंशी त्याचं वाकडं नव्हतं, पण फार सूतही जमलेलं नव्हतं. लग्नाला त्यांचा विरोध होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बँकेतल्या कारकुनाशी बोलावं तसं बोलत. "चहा घेणार?" "चालेल." "साखर?" "नेहमीएवढी." संपलं संभाषण.

त्या दिवशी मात्र तो सकाळपासून घुम्यासारखा बसून होता. पाय दुखतोय का, असं सासूबाईंनी दोनदा विचारल्यावर त्याने सांगून टाकलं. आज बायकोचा वाढदिवस. दर वर्षी कामावरून येताना तो काही ना काही घेऊन यायचा. यंदा जिना उतरायचीच पंचाईत.

"मग फोनवरून मागवा की," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या पोचेल म्हणतात."

त्या आत गेल्या. डब्यांची झाकणं वाजली. बाहेर आल्या त्या परात, मैदा आणि मिठाची पिशवी घेऊनच.

"घरात मेणबत्त्या आहेत. त्यांना स्टँड करू. ही लहान असताना मी केले होते. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ आणि पाणी. खायचं नाही, तेव्हा चव बिघडायची भीती नाही."

त्या मळायला बसल्या खऱ्या, पण बोटांची पेरं सुजलेली, मूठ काही वळेना. थोडा वेळ झटापट करून त्यांनी परात त्याच्या मांडीवर सरकवली.

मीठ बोटांना वाळूसारखं टोचत होतं. पीठ आधी हाताला चिकटलं, मग भुगा झालं.

"पाणी घालू, आई?"

"थेंबभर. आणि जरा मायेने मळा. ग्रीस नाही ते."

तो हसला. गोळा हळूहळू कानाच्या पाळीसारखा मऊ झाला. सासूबाई सांगत गेल्या, तो करत गेला. चमच्याच्या दांड्याने पाकळ्या, काट्याने पानांच्या शिरा, कडेला लवंगांची रांग. मग त्याने पट्टी मागून घेतली आणि स्वतःच्या डोक्याने एक चौकोन कापला, अगदी काटकोनात.

"हे काय, लिफ्टचं बटण?"

"वर जायचं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मेणबत्तीचं बूड दाबून खळगे पाडले आणि ट्रे ओव्हनमध्ये गेला. मंद आचेवर, सावकाश वाळू द्यायचं, असं बजावून त्या खुर्चीतच जरा पेंगल्या. याला कुठला दम निघतोय. कुबडी टेकत गेला आणि आच वाढवून आला.

त्या जाग्या झाल्या तेव्हा फूल टम्म फुगलं होतं.

"गालगुंड झालंय याला," त्या म्हणाल्या.

"मी आच वाढवली."

"ते कळलं. तुम्हाला लग्नाचीही अशीच घाई होती."

हा विषय घरात पहिल्यांदाच निघत होता. त्याने कुबडी भिंतीला लावली. "तुम्हाला मी पसंत नव्हतो. शिक्षण कमी म्हणून."

"शिक्षण काय चाटायचंय?" सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हिचे वडील लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचे. माझा जन्म खिडकीत वाट बघण्यात गेला. आणि पोरीने निवडला तोही असा, दिवसभर खोल खड्ड्यावर लोंबकळणारा. म्हटलं, हिच्या वाट्याला तरी ते नको."

एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट अशी भलतीच निघाली.

"आई, खड्ड्यात मी कधीच पडलो नाही," तो म्हणाला. "पडलो तो न्हाणीघरात."

सासूबाई हसू लागल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. तोही प्लास्टरचा पाय सांभाळत हसला.

भाजल्यावर खळगे आवळले होते, मेणबत्ती आत जाईना. त्याने हत्यारांची पिशवी मागवली आणि कानशीने एकेक खळगा घासून मोठा केला. सासूबाईंनी पाण्यात कॉफी कालवून पानांवर फिरवली, तसा त्यांना छान बदामी रंग आला. पानं त्यांनी टेबलावर ताटलीत वाळत ठेवली.

बायको आली ती भुकेने कासावीस होऊन. पर्स टाकली, टेबलावरचं एक पान उचललं आणि कोणी काही म्हणायच्या आत कडकन चावा घेतला.

"आई, अगं मीठ किती हे! आणि दगड आहे का बिस्किट?"

दोघंही पोट धरून हसत सुटली.

तोंड धुऊन झाल्यावर तिला जेवायला बसवलं, दिवे मालवले आणि मेणबत्त्या लावल्या. पाकळ्यांच्या सावल्या भिंतीभर पसरल्या. ती एकेक स्टँड जवळ ओढून बघू लागली. मग फुगलेलं फूल हातात घेऊन म्हणाली, "हे माझ्या उशाशी राहील. कोणी केलं?"

"मी मळलं," तो म्हणाला.

"आणि बिघडवलं पण यांनीच," सासूबाई म्हणाल्या, आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला.