दातांची मागची बाजू

विश्वासाने सांगितलेले गुपित राखणे हा धर्मच होय. परंतु त्या गुपितामुळे सांगणाऱ्याच्याच जिवाला धोका असेल, तर मौन हा अपराध ठरतो. दंतवैद्य मामांवर तोच प्रसंग ओढवला.

तरुण भाची खुर्चीत आ वासून पडली होती. दात समोरून शुभ्र दिसत होते. वरच्या दातांची मागची बाजू मात्र झिजून पातळ झाली होती. तिच्या बोटांच्या सांध्यांवर जुने वण होते.

"हिच्या शिस्तीचं काय सांगू, दादा!" बहीण कौतुकाने म्हणाली. "पोटभर जेवते आणि लगेच न्हाणीघरात शिरते. नळ सोडून कितीतरी वेळ दात घासते. शोभते हो तुझी भाची!"

मामांचा हात थबकला. त्यांनी बहिणीला बाहेर बसायला सांगितले आणि दार लावले.

"घशात बोटं घालून जेवलेलं उलटून टाकतेस ना, बाळ?"

तिचे डोळे भरले. "मामा, आईला सांगू नका. माझी शपथ आहे."

"शपथ मोडीन मी. दात गेले तर नवे बसवीन. या उलट्यांनी हृदय दगा देईल तेव्हा काय करू? हा आजार आहे गं, तुझा गुन्हा नव्हे. याला उपचार आहेत. माझ्यावर रागाव हवं तर."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुम्ही सांगा. पण मला बाहेर पाठवू नका."

मामांनी दार उघडले.

त्या मायलेकींना एकमेकींचे ऐकण्याचे बळ लाभो आणि त्या लेकराच्या अंगी अन्न लागो.