सहकर्जदाराची हरकत नाही

माझ्या तोंडातले दात सुनेने बनवलेले आहेत, जीभ मात्र माझी स्वतःची आहे. हे आधीच सांगून ठेवते. पुढे ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे तो माझ्या पोटचा मुलगा आहे, आणि आई असून ही असं कसं बोलते म्हणून कुणी नाक मुरडायला नको.

सून कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर ती मेणात एकेक दात बसवते, घासते, चकाकी आणते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या नखांत गुलाबी भुकटी असते. आमचे चिरंजीव निघून गेले तेव्हा घरावरचं कर्ज अगदी नवं होतं. घर नवराबायको दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, हप्ते मात्र हिने एकटीने भरले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची कानस चालू असायची. आम्ही त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर जेवायचो आणि भाजीत कधीकधी प्लास्टरची कचकच लागायची. मुदत संपायच्या बऱ्याच आधी तिने सगळं कर्ज फेडून टाकलं. घराचे कागद हातात आले त्या दिवशी मी रडले आणि ती हसली.

पण कर्ज देणाऱ्या कंपनीने जाता जाता तिच्याकडून दंड उकळला होता. कशाचा? तर मुदतीआधी कर्ज फेडल्याचा! उशीर केला तरी दंड, लवकर केलं तरी दंड. माणसाने नेमकं करावं तरी काय, त्यांच्या दारात पथारी टाकून बसावं? तेव्हा कागद सोडवायची घाई होती, म्हणून तिने मुकाट्याने पैसे भरले. मग एकदा निवांतपणी तिने करार वाचला, तर त्यात या दंडाचं नावसुद्धा नव्हतं.

"आई, हे माझे पैसे आहेत," ती म्हणाली. "यात माझी स्वतःची दात भाजायची भट्टी येईल. छोटी का होईना."

स्वतःची भट्टी आली की तिला दुसऱ्याच्या हाताखाली राबायला लागणार नव्हतं. मी म्हटलं, चल, मीही येते. माझ्या गुडघ्यांचा उपयोग नसला तरी आवाजाचा होईल.

आवाजाची गरजच पडली नाही. कंपनीच्या ऑफिसात गारठा होता, खुर्च्या मऊ होत्या आणि काउंटरवरची मुलगी इतकी गोड बोलत होती की मला भांडायला जागाच सापडेना. तिने अर्ज घेतला, करार पाहिला, मान डोलावली. "बरोबर आहे मॅडम, हा चार्ज लागायला नको होता. परत मिळेल." मग संगणकात बघत म्हणाली, "फक्त सहकर्जदारांची हरकत नाही ना, तेवढं विचारावं लागेल. पैसे परत करताना आम्ही सगळ्या कर्जदारांना कळवतो."

सुनेचा हात काउंटरवरून खाली गेला. "ते इथे नसतात. त्यांचा पत्ता कुणालाच माहीत नाही."

"काही काळजी करू नका," ती पोरगी उत्साहाने म्हणाली, "आमच्याकडे त्यांचा नवा नंबर आहे. मध्यंतरी आमच्या दुसऱ्या शाखेत त्यांनी कर्जाची चौकशी केली होती. हे बघा ना, मिळाला."

इतकी वर्षं ज्याच्या जिवंत असल्याचाही पत्ता नव्हता, तो त्या काचेमागे एका बोटाच्या अंतरावर होता.

"मग राहू द्या," सून म्हणाली. "मला पैसे नकोत. अर्ज परत द्या."

"अहो, असं काय करता? हक्काचे आहेत तुमचे." मुलीने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "आणि आता नोंद झाली की मॅडम. मेसेज आपोआप जातो. गेलासुद्धा."

सुनेने तिचे आभार मानले. सवय वाईट असते.

ती इतकी का घाबरली, ते सांगायला हवं. माझ्या मुलाने तिच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. त्याला सही हवी असली की तो कागद तिच्यासमोर ठेवायचा आणि समोर बसून राहायचा. हसतमुख. ती स्वयंपाकाला उठली की तिच्या मागे ओट्यापाशी, झोपायला गेली की पलंगाच्या कडेला. "कर ना गं सही. माझ्यासाठी एवढंही नाही करणार?" रात्र व्हायची, सकाळ व्हायची. मी मध्ये पडले तर म्हणायचा, "आई, मी काही बोललो का तिला?" शेवटी ती सही करायची. तिचे दागिने असे गेले, तिची ठेव अशीच गेली. घर तेवढं वाचलं, कारण कर्ज असताना त्याचे कागद कंपनीच्या तिजोरीत होते. म्हणजे ज्या कर्जाला मी उठताबसता शिव्या घातल्या, तेच आमच्या दाराची कडी होतं. कर्ज फिटल्याचं त्याला माहीत नव्हतं. ते आता आम्ही त्याला कळवलं होतं, तेही रीतसर अर्ज करून!

आम्ही कुलूप बदललं. आठवडाभर काहीच झालं नाही. मग कंपनीचा मेसेज आला की सहकर्जदाराची काहीही हरकत नाही, सगळी रक्कम पत्नीच्या खात्यात जमा करावी.

सून मेसेज वाचून खुर्चीत बसली. "सुधारले असतील का हो आई?"

लहानपणी हा मुलगा पाहुण्याने भावंडांना दिलेल्या खाऊतला वाटासुद्धा मागून घ्यायचा. त्याने आपणहून सगळे पैसे सोडले, याचा अर्थ त्याला त्यापेक्षा मोठं काहीतरी दिसलं होतं. हे मला लख्ख कळलं आणि मी तिला सांगितलं नाही, कारण तिने त्या दिवशी भट्टीच्या दुकानदाराला फोन केला होता आणि बऱ्याच दिवसांनी ती गुणगुणत होती.

त्यानंतर फोन यायला लागले. उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे, नुसता श्वास. इमारतीच्या रखवालदाराने सांगितलं, एक साहेब येऊन विचारून गेले, वरच्या मजल्यावर घरं कितीला जातात म्हणून. "फार सज्जन वाटले हो," तो म्हणाला. मी घरातल्या खिडक्या दिवसाही लावून घ्यायला लागले.

काल दुपारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण माणूस होता. म्हणाला, कर्जाच्या कामासाठी आलोय. मला वाटलं, परताव्याचं काहीतरी असेल. मी दार उघडलं. तो आत आला, बूट बाजूला काढून ठेवले, पिशवीतून मोजपट्टी काढली आणि बैठकीची खोली मोजायला लागला.

"अहो, हे काय चाललंय?"

"मूल्यांकन," तो म्हणाला. "घरावर नवीन कर्ज हवंय ना तुम्हाला?"

आणि त्याच्या मागून माझा मुलगा आत आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, हसू तेच होतं. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पोटचा गोळा आहे तो. त्या एका क्षणाची मला आज किळस येते.

मी मोजपट्टीवाल्याकडे वळले. "मी या माणसाला ओळखत नाही."

तो गोंधळला. माझा मुलगा मात्र हसला आणि त्याला समजावत म्हणाला, "वय झालंय हो आईचं. विसरते." खिशातून त्याने स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. त्यावर याच घराचा पत्ता होता. तो माणूस माझ्याकडे दयेने बघत आतल्या खोलीत गेला. मी ओरडले, हात धरला, शिव्या दिल्या. जेवढी ओरडले तेवढी त्याच्या नजरेत वेडी ठरत गेले. काम आटोपल्यावर तो म्हणाला, "दोन्ही मालकांच्या सह्या लागतील, साहेब."

"होतील की," मुलगा म्हणाला. "मी इथेच आहे आता, सह्या होईपर्यंत."

तो माणूस गेला. मुलाने शर्ट काढून खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. तिथे सुनेचे अर्धवट राहिलेले साचे होते. ते त्याने दोन्ही हातांनी अलगद बाजूला सारले, मोकळ्या जागेत कागद ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

सून यायची वेळ झाली होती. मी अनवाणीच जिन्यात धावले. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर येत होती, हातात फोन उंच धरलेला.

"आई, आले पैसे! सगळे आले! उद्याच जाऊन भट्टी…"

माझा चेहरा पाहून ती थांबली. मी तिचा दंड धरला. "वर जाऊ नकोस. इथूनच परत फीर. कुठेही जा, मी येते मागून."

ती कठडा धरून उभी राहिली. मला वाटलं, ती वळणार. तिचा एक पाय खालच्या पायरीवर गेलाही होता.

तेवढ्यात वरून त्याचा आवाज आला, मऊ, ओळखीचा, जसा काही तो सकाळीच कामाला जाऊन परत आला होता. "आलीस का गं? चहा टाक ना."

माझ्या हातातला तिचा दंड सैल पडला. तिने फोन पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला आणि तो गेल्यापासूनच्या सगळ्या वर्षांत मी ज्या आवाजात तिला एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं, त्या जुन्या, बारीक आवाजात म्हणाली,

"हो, आले हं."