रांगेतली विश्रांती

"हे अक्षर तुमचंच ना?" चौकशी अधिकारी बाईंनी नोंदवही पुढे केली.

"माझंच, बाई."

"सकाळी सहा ते दुपारी एक, विश्रांती. सात तास. झोपला होतात?"

लेन डोरीने मान खाली घातली. "लिहिलंय तसंच धरा."

टॅलोरा गावातल्या मृत्युचौकशीच्या खोलीत पंखा गरगरत होता. गेल्या सुगीत गहू भरलेला दुहेरी ट्रेलर बंदराकडे नेताना दुपारी लेनला डुलकी लागली, ट्रक पलीकडच्या बाजूला गेला आणि समोरून येणाऱ्या छोट्या गाडीतली शाळेतली बाई, सव्वीस वर्षांची टॅमसिन शर्मर, जागच्या जागी गेली. तेव्हापासून लेनचं एकच पालुपद होतं: डोळे माझे मिटले, चूक माझी. सगळं अंगावर घेतलं की पुढचे प्रश्न तरी थांबतात.

त्या सात तासांतली गोम साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. सुगीत धान्याच्या कोठारापुढे ट्रकांची दोन-दोन किलोमीटर रांग लागते. ट्रक उभा, म्हणजे ड्रायव्हर विश्रांतीत, असा तिथला सोयीचा हिशेब. प्रत्यक्षात दर दहा मिनिटांनी एक घर पुढे सरकायचं. डोळा लागला की मागचा हॉर्न बडवायचा. वहीत झोप आणि पायाखाली क्लच. बापजाद्यांपासून सगळे तसंच लिहीत आले होते.

लेनच्या ट्रक कंपनीचा, हॅल्वर्सन कॅरिअर्सचा, वकील तृप्त दिसत होता. "आमच्या नोंदीत सात तास विश्रांती आहे. पुढचं ड्रायव्हर जाणे."

मग ग्लेनिस टॉन्किनला बोलावलं. तेवीस वर्षं तिने हॅल्वर्सन कॅरिअर्सच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून फोन केले होते: तू नीघ, तू थांब, तू बंदरात जा. ऑफिसात ती आहे हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही, फोन उचलला जातोय एवढंच कळायचं. लेनला वाटलं, आता ही नोंद वाचून दाखवेल आणि घरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला हात पोळून घेईल?

"ज्या उत्तराने तुम्ही स्वतः अडचणीत याल ते द्यायची सक्ती नाही," चौकशी अधिकारी बाईंनी बजावलं.

"ठाऊक आहे. पण मला द्यायचंय." ग्लेनिस म्हणाली. "एक वाजता लेनचा फोन आला. म्हणाला, ग्लेनिस, रांगेत डोळ्याला डोळा नाही लागला, आता मी चालवत नाही. मी म्हटलं, सगळेच रांगेत होते रे बाबा, तुझेच काय लाड! विश्रांती लिही आणि नीघ, जहाज खोळंबलंय. हा माणूस कधी कुरकुरत नाही. त्या दिवशी कुरकुरला, तेव्हाच मला काय ते कळलं होतं. कळूनसवरून पाठवला."

वकील ताडकन उठला. "याला पुरावा काय?"

"मी आहे की," ग्लेनिस म्हणाली.

लेन वळून तिच्याकडे बघू लागला. धुळीची वादळं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पेटलेलं रान, काय काय पाहिलं होतं त्याने. पण चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या या बाईएवढं मोठं काही पाहिल्याचं त्याला आठवेना. कोणी विचारलं नसतं. कोणाला कळलं नसतं. ती आपणहून बोलली आणि आपल्या वाट्याचा दोष तिने मागून घेतला. त्यामुळे लेनचं ओझं हलकं झालं नाही, पण ते नेमकं किती आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं.

न बोलावताच तो उभा राहिला. "फोन केला होता, बाई. ती म्हणते ते खरंय. पण किल्ली मीच फिरवली."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या कुलपात ग्लेनिसची किल्ली काही केल्या जाईना. लेन तिच्याकडे निघाला, तोच सगळी साक्ष ऐकून बाहेर आलेला टॅमसिनचा बाप तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. रॉब शर्मर, स्वतः गव्हाचा शेतकरी, आडवा-उभा गडी. लेनचे पाय जागीच थबकले.

"घर किती लांब?" रॉबने विचारलं.

"दोनशे दहा किलोमीटर."

"रात्री झोप झालीय?"

"नाही हो. तीन रात्री नाही."

रॉबने तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "अकरा महिने मी ज्याला त्याला विचारतोय, माझी पोर का गेली म्हणून. जो तो नियम सांगतो," तो म्हणाला. "माझा गहू मीच नेतो. रांगेला विश्रांती मीसुद्धा लिहितो. तीस वर्षं लिहितोय." त्याने हात पुढे केला. "किल्ली द्या इकडे."

तिने दिली. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं, काचा खाली केल्या.

"आडव्या व्हा. तुम्ही अशा निघायचं नाही. मी बसतोय इथे."

"अहो, पण तुम्ही..."

"झोपा म्हणतो ना."

ग्लेनिस अंगाचं मुटकुळं करून पडली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. किल्ली मुठीत धरून रॉब बाजूच्या कठड्यावर टेकला. लेनकडे त्याने पाहिलं नाही, पण जा असंही म्हणाला नाही.

रस्त्याच्या वळणावर गव्हाचा ट्रक आला. ओळखीचाच कोणी होता; लेनला बघून त्याचा हात हॉर्नच्या दोरीकडे गेला. लेन दोन्ही हात वर करून भर रस्त्यात धावला आणि तोंडावर बोट ठेवून उभा राहिला. ट्रकने वेग कमी केला आणि तो हळूहळू पुढे निघून गेला.

"किती वाजले?" मागून रॉबचा दबका आवाज आला.

"पावणेतीन."

"झोपू दे."