विश्वजितच्या गल्लीतली म्हैस

प्रियदर्शनीची बदली कोल्हापूरला झाली तेव्हा मी पहिला फोन विश्वजितला केला. ती स्टाफ नर्स आहे. मी फ्लेक्सचं डिझाइन करतो, म्हणजे वाढदिवसाच्या माणसाचा फोटो सिंहाशेजारी बसवतो. माझं काम कुठूनही होतं, सिंह लॅपटॉपमध्येच असतो. प्रश्न होता घराचा.

आम्ही कुरुंदवाडचे, नदीकडच्या अंगाचे. एकवीस सालच्या पुरात आमची क्रांती पाच महिन्यांची होती. पहिला दात यायच्या आधी तिला पहिली बोट मिळाली. शेजारची धोंडुबाई तिला मोठ्या पातेल्यात ठेवून, वर छत्री धरून बसली होती. आता क्रांती पाच वर्षांची आहे आणि पंधरा जूनला तिची कोल्हापुरात शाळा. प्रियदर्शनी मला म्हणाली, "पाणी न येणारी गल्ली बघा आणि चार बरी माणसं असणारी. फरशी फुटकी असली तरी चालंल. पोरगीला पुन्हा बोटीत बसवायची न्हाई मला."

विश्वजित माझा दहा वर्षांचा दोस्त. डिप्लोमाला असताना आम्ही कबनूरला एका खोलीत राहायचो. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्या खडखडाटात साधं बोलायचं तरी ओरडावं लागे, त्यामुळं आमच्यात गुपित असं काही राहिलंच नाही अशी माझी समजूत होती. दर रविवारी तो कुरुंदवाडला यायचा, माझ्या आईच्या हातचं सुकं मटण खायचा आणि उरलेलं डब्यातून घेऊन जायचा. डबे त्यानं कधी परत आणले नाहीत. आईही म्हणायची, राहू दे, घरचंच पोरगं आहे.

"तुझ्याच गल्लीत बघ की एखादी जागा," मी फोनवर म्हणालो.

"आमच्या गल्लीत नको मर्दा," तो म्हणाला. "पाणी येतंय."

"तुमच्याकडं?"

"एकवीसला पयल्या मजल्याला टेकलंतं. आईला माळ्यावर बसवलीती."

मला फार वाईट वाटलं. एकवीसला तो आम्हाला बोटीचे फोटो मागत होता, आणि तेव्हा स्वतःची आई माळ्यावर आहे हे त्यानं सांगितलंही नव्हतं. केवढा मनाचा मोठेपणा.

आठ दिवसांत आम्ही सहा जागा बघितल्या. सगळे मालक पहिली पाच मिनिटं फार गोड असायचे. नर्स म्हटल्यावर तर एकानं तिथल्या तिथं बीपी तपासून घेतलं. मग ते सहज विचारायचे, "आडनाव काय म्हणलासा?" मी सांगायचो. आणि त्याच क्षणी ती जागा भाड्यानं गेलेली असायची. कुणाच्या तरी भाच्याला. या शहरात भाचे किती आहेत याची कुणालाच कल्पना नाही, आणि त्यांना घरं नेमकी आपण दारात उभे असतानाच मिळतात. आम्ही बौद्ध. हे वाक्य मी कुठल्याच मालकापुढं उच्चारलं नाही, आडनाव ते काम परस्पर करायचं. इथंही मी आडनाव लिहीत नाही. न जाणो, ही गोष्टही एखाद्या भाच्याला गेलेली असायची.

प्रत्येक नकारानंतर विश्वजित मला मिसळ खायला न्यायचा आणि टेबलावर मूठ आपटायचा.

"लोकं लई मागासलेली हाईत रे! कुठल्या जमान्यात जगत्यात! मी असतो तर तोंडावर सुनावलं असतं." मग तो आणखी दोन पाव मागवायचा. संतापानं त्याला भूक लागायची.

"तुझ्या गल्लीत पुराचं सोड," मी एकदा म्हणालो. "वरचा मजला मिळाला तर चालंल आम्हाला."

त्यानं मिसळीच्या कटात पाव बुडवला. "पुराचं एकवेळ सोड," तो म्हणाला. "म्हशीचं काय करशील?"

"कुठल्या म्हशीचं?"

"हाय एक. पांढरं कापड बघितलं की धावती. वैनी नर्स हाईत न्हवं? रोज पांढऱ्यात जायचं. मागच्या वर्षी एका डॉक्टरला गटारात घातला तिनं."

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या गल्लीची परिस्थिती झपाट्यानं बिघडत गेली. समोरच्या घरात एकजण पहाटे चारला हलगीचा सराव करू लागला. कोपऱ्यावरच्या तालमीची पोरं फुटबॉल खेळताना इतका जोरात बॉल मारू लागली की एका म्हातारीचा उरलेला एकमेव दात पडला. शेवटी पाण्याच्या टाकीत साप निघाला. विश्वजित हे सगळं खाली मान घालून सांगायचा आणि मी ऐकून घरी यायचो.

"काकू कशा राहात्यात ओ तिथं?" प्रियदर्शनीनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नर्स लोकांना ते शिकवलेलं असतं.

मला रात्रभर तेच दिसत राहिलं. शालनकाकू, म्हणजे विश्वजितची आई, माळ्यावर. खाली पाणी, पाण्यात म्हैस. मी काकूंना कधी भेटलो नव्हतो. विश्वजितकडं जायचं म्हटलं की त्याच्या घरी पाहुणे आलेले असायचे. त्यांच्या वास्तुशांतीची पत्रिका मीच डिझाइन केली होती, पण त्या दिवशी मला कबनूरला एक तातडीचं काम निघालं. काम विश्वजितनंच काढून दिलं होतं.

आमच्याकडं पुराची एक रीत आहे. पाणी चढायच्या बातम्या आल्या की कुणी कुणाला विचारत बसत नाही. विचारलं की माणूस म्हणतो "सकाळी बघू", आणि सकाळी तो कौलांवर असतो. म्हणून ज्याला जमेल त्यानं गाडी घेऊन जायचं, घरात शिरायचं, आधी म्हातारं माणूस, मग कागदपत्रं, मग गॅस उचलायचा. शिव्या नंतर खायच्या.

सहा जूनला पेपरात आलं, राधानगरी धरणाकडं पाऊस जोर धरणार. मी आमच्या बाळासोचा टेम्पो ठरवला, तराफ्यासाठी चार निळे बॅरल घेतले, दोर घेतला आणि पत्रिकेची फाईल उघडून पत्ता काढला. सूर्योदय कॉलनी, गल्ली नंबर तीन. रविवारी सकाळी आम्ही निघालो. प्रियदर्शनी हट्टानं निळी साडी नेसली होती.

कॉलनी जवळ आली तसा रस्ता चढू लागला, आणि चढतच राहिला. बाळासोनं दुसरा गिअर टाकला, मग पहिला.

"पावणं," तो मला म्हणाला. आम्ही एका गल्लीतले, पण चढ लागला की तो सगळ्यांना पावणं म्हणतो. "हितं पूर आणायचा म्हणजे पंचगंगंला पयल्या गिअरमधी यावं लागंल की."

"एकवीसला आलता," मी म्हणालो.

"मग परत जाताना ब्रेक लागलं का न्हाईत तिला?"

घर सापडलं. मी उतरलो आणि सवयीप्रमाणं आधी जिन्याखाली बघितलं. ज्या घरात एकदा पाणी शिरलं, त्या घरातले विजेचे मीटर छताजवळ जातात. आमच्याकडं तर मीटर वाचायला शिडी लागते. इथं दोन मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर निवांत फिरत होते. भिंतीवर गाळाची रेघ नव्हती. कुठलीच रेघ नव्हती.

गेटवर बोर्ड होता. "वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी. शांत व सुरक्षित परिसर. संपर्क : विश्वजित."

फॉन्ट अत्यंत वाईट होता. अक्षरांना लाल सावली, सावलीला पिवळी सावली. दहा वर्षं या माणसाच्या मित्रांचे, मामांचे, तालमीचे आणि एकदा तर त्याच्या बैलाचे फ्लेक्स मी फुकट केले होते. आणि हा एक बोर्ड तो दुसऱ्याकडून करून घेऊन आला. मी तिथं उभा राहून ती सावली बघत होतो आणि मला आधी फॉन्टचाच राग येत होता. बाकीचा राग मागून, पहिल्या गिअरमध्ये येत होता.

"कोण पावणं?" एक बाई दारात आल्या.

"काकू, मी आदर्श. विश्वजितचा मित्र."

"अगंबाई, फ्लेक्सवाला आदर्श व्हय! ये की बाबा. आणि ही बायकू? आणि ह्यो कोण उंदीर?" त्यांनी क्रांतीचा गाल ओढला. "घर बघायला आलासा न्हवं? विशा बोलला न्हाई काय. चला, वर चला."

आम्ही काकूंना उचलायला आलो होतो, पण त्याच आम्हाला वर घेऊन गेल्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला खिडकी. खिडकीतून क्रांतीची शाळा दिसत होती. क्रांतीनं खिडकीखालचा कोपरा बघितला, तिथं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हितं मी."

"पाणी येतं का काकू?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"चोवीस तास!"

"तसं न्हाई. पुराचं."

"पुराचं? अगं, पूर बघायचा तर आमी रिक्षा करून जातो." त्या हसल्या. "येताना भजी खाऊन येतो."

"आणि एकवीसला तुम्ही माळ्यावर..."

"माळा कुठाय पोरी ह्या घराला?"

मी वर बघितलं. स्लॅब होता.

"म्हैस कुठं बांधत्यात?" मी विचारलं.

"कसली म्हैस?"

"डॉक्टरला गटारात घालणारी."

काकू आमच्याकडं नीट बघू लागल्या. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि विश्वजित दुधाच्या पिशव्या घेऊन दारात आला. त्यानं मला बघितलं, प्रियदर्शनीला बघितलं, कोपऱ्यातल्या क्रांतीला बघितलं.

"फ्लेक्स द्यायला आलाय आई," तो म्हणाला. "चाललाच हाय."

माझ्या हातात दोर होता. फ्लेक्स नव्हता.

"न्हाई काकू," मी म्हणालो. "मी तुम्हाला न्यायला आलोय. खाली टेम्पो उभा हाय. विश्वजित म्हणला, हितं पूर येतो, म्हैस मारती, हलगी झोपू देत न्हाई आणि टाकीत साप हाय. तुम्ही आधी बसा पुढं, गॅस मी आणतो."

"विशा?" काकू म्हणाल्या. "असं कशापायी सांगितलंस रं?"

विश्वजित दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचू लागला. मग काकू माझ्याकडं वळल्या आणि चहात साखर किती, या आवाजात म्हणाल्या, "आडनाव काय म्हणलास बाबा तुझं?"

मी सांगितलं.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. पदर नीट केला. "त्याचं काय हाय, वरचं माझ्या भाचीला द्यायचं चाललंय. विशा, बोलला न्हाईस व्हय ह्यांला?"

"बोलणारच होतो," विश्वजित म्हणाला.

प्रियदर्शनीनं क्रांतीला कोपऱ्यातून उठवलं. क्रांती उठेना. तिला म्हणालो, ही जागा एका ताईची आहे. "कुठाय ताई?" तिनं विचारलं. सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, जणू ताई येतच होती.

खाली टेम्पोजवळ विश्वजित माझ्यामागून आला.

"तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं रे भावा ते सगळं."

"म्हैस?"

"म्हैससुद्धा. तोंडावर न्हाई कसं म्हणायचं तुला? आपली दोस्ती हाय."

"आई नको म्हणती, एवढंच सांगायचं होतंस. मी ऐकलं असतं."

तो टेम्पोची फळी चाचपू लागला. मला शंका आली.

"आईला विचारलंतंस तू?"

"त्यात इचारायचं काय?" विश्वजित म्हणाला.

म्हणजे काकूंनी आत्ता जे केलं, ते त्यानं त्यांच्या आधी, एकट्यानं, मिसळ खाता खाता करून टाकलं होतं. सहा घरांच्या नकारांवर माझ्या बाजूनं मूठ आपटणारा सातवा मालक हाच होता. कबनूरच्या खोलीत इतकी वर्षं ओरडून बोललो, पण हे एक वाक्य यंत्रमाग बंद असतानाच ऐकू येणारं निघालं.

"डबे आण," मी म्हणालो.

"कसले डबे?"

"आईचे. मटणाचे."

"आत्ता?"

"आत्ता."

तो आत गेला. चार डबे आणले, स्वच्छ घासलेले. ते घरात नेमके कुठं ठेवले होते हे त्याला लगेच आठवलं, हे मी लक्षात ठेवलं. डबे प्रियदर्शनीनं मांडीवर घेतले.

बाळासोनं टेम्पो वळवला तसा मागचा एक बॅरल निसटला आणि उतारावरून गडगडत सुटला. आम्ही मागून. तो वळणावर वळला, एका कुत्र्याला रस्ता दिला, आमच्यापेक्षा चांगला ड्रायव्हर होता. दोन चौक ओलांडून, उतार जिथं संपतो तिथं, एका जुन्या घराच्या पायरीवर बसलेल्या बाईनं तो पायानं अडवला.

"तुमचा हाय व्हय?" ती म्हणाली. तिचं नाव तानाबाई. तिच्या मागच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती. मीटर छताला चिकटले होते. दारावर खडूनं लिहिलं होतं, खोल्या देणे.

"वरच्या का खालच्या?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"खालच्या. वर मी असते. पाणी आलं तर तुमी बी वरच यायचं, सगळीच येत्यात." मग तिनं क्रांतीकडं बघितलं. मी आडनाव तयार ठेवलं.

"पोरीला पवाय येतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

"शिकवा. आणि बॅरल असू द्या हितंच."

एवढंच. बाकी तिनं काही विचारलं नाही. प्रियदर्शनी भिंतीजवळ गेली आणि क्रांतीला रेघेला टेकवून उभं केलं. रेघ क्रांतीच्या डोक्याच्या वर चार बोटं होती. प्रियदर्शनी ती चार बोटं बराच वेळ बघत राहिली. शाळा आठ दिवसांवर होती आणि भाचे सगळीकडं होते. तिनं डबे पायरीवर ठेवले.

चौदा तारखेला सामान लावत असताना विश्वजितचा फोन आला.

"मिळाली का रे जागा?"

"मिळाली."

"बरं झालं मर्दा. लई जिवाला लागलंतं माझ्या. गल्ली सेफ हाय न्हवं?"

समोर क्रांती स्टुलावर चढून, रेघेच्या वरच्या बाजूला, खडूनं शाळेचं चित्र काढत होती.

"हाय," मी म्हणालो. "हितं म्हैस न्हाई."